डोहाच्या लावणीचा शेवट

माझं काम काय होतं असं कुणी विचारलं की मी आधी इकडचं तिकडचं सांगते. तमाशात होते म्हटलं की ऐकणारा लगेच माझ्या पायांकडं बघतो. बघू दे. माझे पाय कुणी बघावेत असे कधी नव्हतेच. आले होते नाचायलाच, पण वर्षभरात आबांनी, म्हणजे आमच्या फडाच्या मालकांनी, मला बाजूला घेऊन सांगितलं, "शेवंता, तुझ्या पायांत काय न्हाय बाई, पर हातांत हाय." तेव्हापासून फड मोडेपर्यंत मी दुसऱ्या बायकांच्या पायांत चाळ बांधले. लुगडी नेसवणं, अंबाडे घालणं, घामानं उतरलेला रंग पुन्हा लावणं हेही माझ्याकडंच असायचं. पण ते कुणीही शिकून करील. चाळ बांधणं मात्र आमच्या फडात मला एकटीलाच जमायचं, आणि हे मी आज बिनदिक्कत लिहिते.

चाळ म्हणजे काय ते आधी सांगते, कारण हल्ली लोकांना वाटतं की घुंगरं म्हणजे शाळेच्या गॅदरिंगला पोरींच्या पायांत असतो तो पट्टा. लावला नि काढला. आमच्याकडं जाड सुती दोरीत एकेक घुंगरू गाठ मारून ओवलेलं असायचं, आणि अशी लांबलचक माळ एकेका पायाला. हातात उचलून बघाल तर म्हणाल, हे घालून बाई चालते तरी कशी. आधी जुन्या धोतराच्या मऊ पट्ट्या घोट्यापासून वर गुंडाळायच्या. पट्टीला एक चुणी राहिली तर तिथली कातडी सोलून निघालीच म्हणून समजा. मग त्यावर चाळ, वेढ्याला वेढा भिडवून, आणि गाठ आतल्या अंगाला. सैल बांधला तर चाळ घोट्यावर उतरतो, हाडाला घासतो आणि एका ठेक्याचे दोन आवाज होतात. आवळला तर पाय बधिर होतो. माझं सगळं शहाणपण या दोहोंच्या मधलं. तरी खरं सांगायचं तर आम्ही आवळूनच बांधायचो, कारण बायकाच तसं मागायच्या.

आमच्या फडाची एक रीत होती. चाळ बांधून झाले की बाईनं हात जोडायचे, मी तिच्या पायाला हात लावायचा, आणि मग शेवटचा मुजरा होईपर्यंत ते चाळ सोडायचे नाहीत. पोट दुखू दे, पायाला मुंग्या येऊ देत, काहीही होऊ दे. मधेच सोडले तर खेळ शेवटाला जात नाही, असं सगळे मानायचे. एकदा इंदापूरकडच्या एका जत्रेत नव्या पोरीनं खाज सुटली म्हणून गुपचूप गाठ सैल केली, आणि त्याच खेळाला वावटळ येऊन आमची कनात लोकांच्या डोक्यावर आली. वावटळ काही पोरीच्या गाठीमुळं आली नव्हती, एवढं मलाही कळतं. पण त्यानंतर कुणाची छाती झाली नाही.

गिऱ्हाइकं म्हणाल तर नाना तऱ्हेची. कुणी फेटा उडवायचा, कुणी स्टेजवर चढायचा. लोणी भापकरला एक गडी आपल्या बैलांची नावं गाण्यात घ्या म्हणून हटून बसला होता, आणि घेतली तेव्हाच खाली बसला. पण मला आठवतो तो शेळगावकडचा एक म्हातारा. घरची मेंढरं जाऊन शेती आली होती, तरी अंगावरचं घोंगडं सुटलं नव्हतं. पार मागं बसायचा, डोळे मिटून. आम्हाला वाटायचं, बाबा झोपायलाच येतो. एकदा खेळ झाल्यावर कनातीमागं आला आणि मला म्हणाला, डाव्या अंगाच्या बाईच्या चाळात एक घुंगरू फुटलंय. जाऊन बघते तर खरंच. कसं कळलं विचारलं तर म्हणाला, जन्म मेंढरांच्या घंट्या ऐकण्यात गेला, त्यातली एक गप झाली की कळतंच की. त्याला नाचणारीच्या तोंडाशी काही देणंघेणं नव्हतं. असा एखादा माणूस कनातीत असला की मला बरं वाटायचं.

ती डाव्या अंगाची बाई म्हणजे सगुणा. उजव्या अंगाला चंपा. सगुणा अंगानं काटक, तोंडानं फटकळ. चंपा तिच्याहून लहान, गोरीपान, जरा रडवी. दोघींचं एरवी एका ताटात जेवण आणि दिवसभर एकमेकींवर खेकसणं. पण डोहाच्या लावणीला उभ्या राहिल्या की त्या दोघी वेगळ्या कुणी आहेत हे सांगून खरं वाटलं नसतं.

ही लावणी आमच्या एका वगातली. एका डोहाच्या दोन काठांवर दोघी उभ्या, एक सरदाराची राणी आणि एक कोळ्याची लेक, आणि दोघींचा जीव एकाच पुरुषावर. "पाणी माझं, डोह तुझा, घागर कुणाची गं," असं एकमेकींना विचारत राहतात. वगाचं नाव लोक विसरले, पण डोहाची लावणी म्हटलं की बारामती-इंदापूरच्या बाजूला गाड्या जुंपून माणसं यायची. आणि यायची ती शेवटासाठी. शेवटचं कडवं झालं की ढोलकी एकदम थांबायची. पेटी थांबायची, तुणतुणं थांबायचं. मग बोलायचा तो फक्त सगुणाचा डावा पाय आणि चंपाचा उजवा. एकीनं विचारायचं, दुसरीनं सांगायचं. आधी भांडण, मग रडणं, मग दोन्ही पाय हळू हळू होत जायचे आणि शेवटचा ठेका दोघींचा मिळून एकच. नामातात्या म्हणजे आमचे ढोलकीवाले. ते त्या वेळी दोन्ही हात मांडीवर ठेवून मान खाली घालायचे. सगळी कनात श्वास रोखून बसायची. मी मात्र ते समोरून कधीच पाहिलं नाही. मी पडद्यामागं, पुढच्या प्रवेशाची लुगडी हातावर घेऊन उभी.

पुढं आबा वारले, घरोघरी टीव्ही आणि मग केबल आली, कनातीत माणसांपेक्षा जागा जास्त दिसू लागली, आणि नव्वदचं दशक लागता लागता फड मोडला. सगुणा शेळगावला भावाच्या मळ्यात राहायला गेली. तिचा मुलगा दिलीप माळेगावला कारखान्यात चिकटला होता, पण त्याच्या सासरच्यांना त्याची आई काय करायची ते त्यानं नीटसं सांगितलेलं नव्हतं, म्हणून ती तिथं फार राहायची नाही. चंपा इंदापूरच्या बाजारात भाजी विकायची. मी बारामतीत लोकांच्या साड्यांना फॉल लावत बसले. ज्या हातांनी चाळ बांधले ते हात दिवसभर सुईत दोरा ओवू लागले, आणि मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

त्याच वर्षांत डोहाची लावणी कॅसेटवर आली. गणपतीत, हळदीत, जिथं तिथं वाजायची. पोरी नाचायच्याही बऱ्या. पण कॅसेट ढोलकी थांबते तिथं संपायची. पुढं गाणंच नाही, आणि नुसता पायांचा आवाज कॅसेटवाला कशाला भरून घेईल? बघता बघता लोकांना वाटू लागलं की लावणी तेवढीच आहे. सगुणानं हे पहिल्यांदा शेळगावच्या मंडपात पाहिलं तेव्हा ती तिथंच पोरींना म्हणाली की अजून राहिलंय. पोरी हसल्या आणि पुढचं गाणं लागलं. हे तिला फार लागलं. भेटेल तेव्हा तेच बोलायची.

अशात बारामतीतल्या एका संस्थेनं जुन्या कलावंतांचा सत्कार ठरवला. संस्थेचे सेक्रेटरी तरुण शिक्षक होते. वडिलांच्या तोंडून त्यांनी डोहाच्या लावणीचं ऐकलेलं. ते माझं घर हुडकत आले आणि म्हणाले, "मावशी, सत्कार तर करूच, पण त्या दोघींनी पुन्हा एकदा ती लावणी केली तर?" मला हसूच आलं. दोघींची नातवंडं खेळायच्या वयाची. मी म्हटलं, गुडघे तुम्ही देणार का? पण सगुणाला निरोप गेला मात्र, तिनं दुसऱ्याच दिवशी मला आणि चंपाला शेळगावला बोलावून घेतलं.

मळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, शेणानं सारवलेल्या जमिनीवर आमची तालीम सुरू झाली. नामातात्या आपली ढोलकी घेऊन एस.टी.नं यायचे. पहिल्या दिवशी चंपा बसली ती उठेना. सगुणा म्हणाली, भाजीच्या पाट्या वाहून तुझी राणी हमाल झाली. चंपा म्हणाली, तुझी कोळ्याची लेक तर कोळ्याची आजी दिसतीय. आम्ही चौघं पोट धरून हसलो. किती वर्षांनी हसलो होतो कुणास ठाऊक. मग मी ट्रंकेतून चाळ काढले आणि सगुणाचा डावा पाय मांडीवर घेतला.

अंगठ्याच्या मुळाशी तळव्याला जखम होती, कडेनं काळपट पडलेली. मी विचारलं, कधीची? म्हणाली, आठवत न्हाय, काट्याची असंल. मी नखानं कडेला दाबून पाहिलं. ती दाराबाहेर बघत चंपाला चहात आलं घाल म्हणून सांगत होती. मी आणखी जोरात दाबलं. तिला पत्ताच नव्हता. आयुष्यभर मी तो पाय बांधला होता. कुठं दाबलं की ती शिवी देते ते मला पाठ होतं. आणि आता ती शिवी देत नव्हती.

चंपा बाहेर गेल्यावर मी तिला धारेवर धरलं, तेव्हा सांगितलं तिनं. साखरेचा आजार होता, बरीच वर्षं. डॉक्टरनं बजावलं होतं की पायाला काही आवळायचं नाही, जखम होऊ द्यायची नाही, नाहीतर पाय कापावा लागेल. "दुखत न्हाय गं," ती म्हणाली. "जमीन कळत न्हाय पायाखाली, पर आवाज कळतो की."

मी हे पोटात ठेवणाऱ्यातली नाही. त्याच दिवशी एस.टी.त मी चंपाला सगळं सांगून टाकलं. चंपा रडली, आणि मग सांगून मोकळी झाली की ती नाचणार नाही. मला वाटलं, सुटलो. पण दोन दिवसांनी सगुणा भल्या सकाळी इंदापूरच्या बाजारात हजर. चंपाच्या शेजारी पोत्यावर बसली, गवारीच्या शेंगा निवडत, गिऱ्हाइकाला पिशवी धरत. दुपारपर्यंत एका शब्दानं विषय काढला नाही. चंपाच शेवटी म्हणाली की अक्का, ऊठ, घरी जा. तेव्हा सगुणा बोलली. चंपानं ते मला जसंच्या तसं सांगितलं.

"पाय आज न्हाय उद्या जाणारच हाय. माझा डावा गेला की तुझ्या उजव्याला कोण इचारणार? एकदा लोकांम्होरं होऊ दे. मग काय कापायचं ते कापू देत."

चंपाला नाही म्हणता येईना. तिघींनी मिळून मग एक ठरवलं. चाळ अगदी स्टेजवर जायच्या तोंडाला बांधायचे, लावणी होताच सोडायचे. सगळा मिळून अर्ध्या तासाचा मामला. पट्ट्या दुप्पट गुंडाळायच्या. जखम आधी धुऊन, औषध लावून झाकायची. मी मनात म्हटलं, शेवंता, आता तुझा हात कसाला लागला.

कार्यक्रम सकाळी दहाचा. एका शाळेच्या पटांगणात मांडव. आम्ही आयुष्यात दिवसाउजेडी चाळ बांधले नव्हते. ऑक्टोबरचं ऊन, मांडवाच्या कापडातून सगळं पिवळं दिसत होतं, आणि त्या उजेडात दोघींच्या तोंडावरचा रंग मला बघवेना. बत्त्यांमध्ये जो रंग तोंडाला तेज द्यायचा, तोच उन्हात सुरकुत्यांत जाऊन बसला होता. चंपानं आरसा पालथा घातला.

प्रमुख पाहुणे त्या सकाळी इंदापूरकडं एका कारखान्यावर उसाची पहिली मोळी टाकायला गेले होते. गळीत हंगामाचे दिवस, पाहुण्याला चार ठिकाणी जायचं असतं. दहाच्या सुमारास सेक्रेटरी धावत आले, गाडी फाट्यावर आलीय, आल्या आल्या लावणी, मग भाषणं, तुम्ही तयार राहा. मी बांधायला बसले. आधी चंपाचे, मग सगुणाचे. डावा पाय मी मुद्दाम जरा सैल धरला, तर तिनं एक ठेका दिला, कान दिला आणि म्हणाली, हे काय वाजतंय? पुन्हा बांध. पुन्हा बांधला, तिला हवा तसा. दोघींनी हात जोडले. मी पायांना हात लावला.

गाडी फाट्यावर आलेली नव्हती. फाट्यावर आली होती ती दुसऱ्याच कुणाची. अकरा वाजले. स्थानिक मंडळींची भाषणं सुरू झाली. बारा वाजले. सगुणा शाळेच्या वर्गात बाकावर पाय सोडून बसलेली. मी तिच्यासमोर जमिनीवर, डोळे त्या पायाच्या बोटांवर. बोटं सुजत चालली होती, आणि रंग मला आवडत नव्हता. मी म्हटलं, सोडते, पुन्हा बांधू. ती नको म्हणाली. चंपा म्हणाली, अगं आता कुठला फड आणि कुठली रीत? सगुणानं मान हलवली. मी गाठीला हात घातलाच, तर तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी पिचली.

"मधीच सोडलं की शेवट लागत न्हाय, शेवंते. एवढ्यासाठीच तर आलेय मी. आज तेवढं इघ्न नको घालू."

मी काय करणार होते? ओरडून लोक गोळा केले असते तर तिनं माझं तोंड पुन्हा बघितलं नसतं. आणि आत कुठंतरी मलाही ती कनात आठवत होती. नामातात्या खिडकीशी बसून ढोलकीची शाई उगाच चोळत होते. सेक्रेटरी दर थोड्या वेळानं यायचे, हात जोडायचे, आलेच म्हणायचे. त्यांची चूक नव्हती. पाहुणे आले तेव्हा दोन वाजून गेले होते.

मग सगळं घाईघाईत. नारळ, शाल, हार, आणि लगेच लावणी. दोघी स्टेजवर गेल्या आणि खरं सांगते, पहिलं कडवं होईस्तोवर मला पाय, जखम, काहीसुद्धा आठवलं नाही. मांडवातल्या म्हाताऱ्या माणसांनी पटके सावरले. मागच्या पोरांची बडबड थांबली. चंपाचे गुडघे कुरकुरत असतील, पण नजर अजून राणीचीच होती. आणि सगुणा, जिला पायाखालची जमीन कळत नव्हती, तिचा एक ठेका इकडचा तिकडं झाला नाही. मी पडद्याच्या फटीतून बघत होते आणि हसत होते.

शेवटचं कडवं झालं. नामातात्यांनी थाप दिली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. पेटी थांबली.

आणि अख्खा मांडव टाळ्या वाजवत उठला.

त्यांच्या लेखी लावणी संपली होती. कॅसेट तिथंच संपायची ना. टाळ्यांच्या आवाजात सगुणाचा डावा पाय वाजला, मला दिसला, ऐकू आला नाही. चंपाचा उजवा पाय वर उचललेला तसाच राहिला. सेक्रेटरींनी माइक घेऊन आभार सुरू केले, पाहुणे उठून हात हलवायला लागले, कुणीतरी दोघींच्या गळ्यात पुन्हा हार घातले, आणि स्टेजवर फोटोसाठी इतकी माणसं चढली की त्या दोघी दिसेनाशा झाल्या. कुणी वाईट वागलं नाही हो. सगळे कौतुकच करत होते. सगुणा म्हणत होती, थांबा, अजून हाय. पाहुणे तिच्याकडं बघून हसले, म्हणाले, "वा, अजूनही जोर आहे," आणि गाडीत बसले.

वर्गात परत आल्यावर मी खाली बसून गाठीला हात लावला. सगुणा म्हणाली, मुजरा झालेला न्हाय. तिचा आवाज असा होता की मी हात मागं घेतला. चंपानं वर्गाचं दार लावून घेतलं. नामातात्यांनी बाकं बाजूला सरकवली. मला त्यांनी फळ्यापाशी उभं केलं, समोर.

तात्यांनी शेवटचं कडवं वाजवलं, थाप दिली, हात मांडीवर ठेवले. बाहेर मांडववाले लोखंडी खुर्च्या आपटत गोळा करत होते. आत सगुणाच्या पायानं विचारलं. चंपाच्या पायानं उत्तर दिलं. आयुष्य या लावणीच्या मागं काढलं, आणि ती काय होती ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दोन बाया एकमेकींना बोल लावतात, मग कळतं की तो पुरुष केव्हाच निघून गेलाय आणि दोघींजवळ एकमेकींशिवाय कुणी उरलं नाही. हे सगळं नुसत्या घुंगरांत. ठेके हळू होत गेले. शेवटचा एकत्र पडला, मला विचाराल तर कुणाचा कुठला ते सांगता येणार नाही. मग दोघींनी वाकून मुजरा केला, आणि समोर मी एकटी. मला रडू आवरेना.

"सोड आता," सगुणा म्हणाली.

सोडला. पट्ट्या चिकटल्या होत्या, कोमट पाणी घालून ओढाव्या लागल्या. आत जे होतं ते मी इथं लिहीत नाही. सेक्रेटरींनीच धावपळ करून जीप आणली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला, मग आमच्याकडं बघितलं, आणि हे केव्हापासून बांधलेलं होतं एवढंच विचारलं. पुढच्या आठवड्यात डावा पाय घोट्याच्या वर काढला. पायात आधीच विष भिनलं होतं, आज ना उद्या हे होणारच होतं, असं ते म्हणाले. त्यांनी ते आम्हाला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरंच तसं होतं, मला आजवर कळलेलं नाही.

ऑपरेशन झाल्यावर वॉर्डातला माणूस बाहेर आला आणि म्हणाला, नातेवाईक कोण, हे घेऊन जा. मला आधी समजलंच नाही. कापलेलं अंग घरच्यांनी न्यायचं असतं, पुरायचं असतं. दिलीप औषधाला गेला होता. चंपा भिंतीला टेकून बसली. मीच हात पुढं केले. प्लॅस्टिकची पिशवी होती. माझ्याच्यानं तो पाय तसा नेववेना. मी दवाखान्याच्या मागं जाऊन जुन्या सवयीनं कमरेला खोचलेली धोतराची पट्टी काढली आणि घोट्यापासून गुंडाळत आले, एक चुणी न ठेवता.

चंपानं आणि मी शेळगावला जाऊन मळ्याच्या बांधाला खड्डा घेतला आणि तो पुरला. सगुणा शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं तेच विचारलं, कुठं ठेवला. सांगितलं.  मग ती म्हणाली, "मी गेले की उरलेली बी तितंच आणा." आम्ही दोघींनी हो म्हटलं.

त्यानंतर ती वर्ष-दीड वर्ष जगली. दिलीपनं तिला माळेगावला आपल्या घरी नेलं, मनापासून केलं तिचं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ती गेली तेव्हा अंगणात त्याचे कारखान्यातले लोक, सासरची माणसं, सगळी जमली होती. चंपानं त्याला बाजूला घेऊन आईची इच्छा सांगितली. त्यानं चंपाचे दोन्ही हात धरले. रडत होता तो.

"मावशी, आता चार माणसांत आईच्या पायाचा विषय नका काढू."

आम्ही नाही काढला. तिला नदीवर नेलं, रीतसर सगळं झालं, राख पाण्यात गेली. पाय शेळगावच्या बांधाला आहे.

गेल्या वर्षी बारामतीतल्या दोन मुली इंदापूरला चंपाकडं गेल्या, लावणीचा खरा शेवट शिकवा म्हणून. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की असा एक शेवट आहे. चंपा उठली, पदर खोचला, तोंडानं ढोलकीचे बोल म्हटले, थांबली, आणि उजवा पाय उचलला. पण कोळ्याच्या लेकीनं आधी विचारल्याशिवाय राणीला काही बोलायचंच नसतं. मुली वाट बघत उभ्या होत्या. चंपानं पाय तसाच खाली ठेवला आणि त्यांना सांगितलं की हे तिला एकटीला येत नाही.